दुमडलेला बाक

कारखान्यात तिला नाव होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतं. एरवी साहेबांपासून वेल्डरपर्यंत सगळे तिला दुमडताई म्हणत, आणि आठ वर्षांनंतर आता तीही त्या नावाला ओ देत असे.

कारखाना बागेतल्या सामानाचा. लोखंडी बाक, कचऱ्याचे डबे, सायकली अडकवायच्या कमानी. वस्तू बनण्याआधीच ती मोडेल की टिकेल हे सांगायचं, हे दुमडताईचं काम. ज्योतिषाचाच धंदा म्हणा. फक्त ज्योतिषी चुकला तर लोक ग्रहांना बोल लावतात, आणि ही चुकली तर हिलाच. संगणकावर ती बाकाचं चित्र काढी आणि त्यावर जाळं टाकून त्याचे हजारो बारीक तुकडे पाडी. अख्ख्या बाकाचं गणित एका दमात कुणाला सुटत नाही, पण चिमुकल्या तुकड्याचं सोपं असतं. दाबला तर किती दबेल, ओढला तर किती लांबेल, एवढंच. मग प्रत्येक तुकड्याने शेजारच्याशी जुळवून घ्यायचं, आणि सगळ्यांचं एकमेकांशी जुळेपर्यंत संगणकाने आकडेमोड करत बसायचं. शेवटी पडद्यावर रंगीत बाक उमटे. निळा भाग निवांत, लाल भाग मोडायला आलेला.

अडचण एकच होती. कारखान्याने घेतलेला प्रोग्राम सगळ्यात स्वस्तातला होता आणि ठरावीक संख्येपेक्षा जास्त तुकडे घ्यायला तो साफ नकार देई. दुमडताईने नोकरीला लागल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात यावर तोडगा काढला. बाक डावीउजवीकडे सारखाच असतो ना? मग सगळा कशाला काढायचा? मधोमध दुमडायचा, फक्त डावा अर्धा काढायचा आणि दुमडीच्या रेघेवर संगणकाला बजावायचं की बाबा रे, इकडे जे होईल तेच तिकडेही होतंय असं समज. निम्म्या तुकड्यांत काम भागे. साहेब खूश, संगणक खूश. तेव्हापासून कारखान्यातून जी जी वस्तू बाहेर पडली ती आधी तिच्याकडून दुमडून गेली. कचऱ्याचा डबा तर तिने दोन घड्या घालून पाव केला होता.

ही युक्ती कॉलेजच्या पुस्तकातही होती. पण तिला ती त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती, कारण तिचे बाबा शिंपी. लहानपणी कापायच्या टेबलाखाली बसून ती खडूचे तुकडे गोळा करायची आणि वर बाबा कापड दुमडून एका बाजूने कात्री चालवायचे. उलगडलं की दोन्ही बाजू तयार. हे मी तुमच्याकडूनच शिकले, असं ती बाबांना अधूनमधून सांगे, आणि बाबा म्हणत, "मग शिलाईतला हिस्सा पाठव."

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा घरी एकटेच. मशीन अजून चालवत, पण आता फक्त शेजाऱ्यांच्या विजारी आखूड करण्यापुरती. त्यांच्या घरासमोर फरशी घातलेली छोटी मोकळी जागा होती. इस्पितळाच्या बागेसाठी नवीन बाकाचा पहिला नमुना तयार झाला तेव्हा दुमडताईने साहेबांच्या मागे लागून तो तिथे नेऊन बसवला. साहेबांना सांगितलं, रोजच्या वापरात बघू. खरं कारण असं की आधीचा लाकडी बाक कुजला होता आणि बाबा पायरीवर बसून चहा पीत होते.

नवा बाक दिसायला देखणा. दोन मीटर लांब, आणि त्याला दोनच पाय, तेही टोकांना नव्हे तर मधल्या भागात, एकमेकांपासून हातभर अंतरावर, खाली फरशीत बोल्टने आवळलेले. का, तर झाडणाऱ्याला दोन्हीकडून आत झाडू घालता यावा. दुमडताईने गणित करून पाहिलं तर बसणाऱ्यांच्या वजनाने पाय नुसते दाबलेच जात होते. दाबलेल्या सांध्याला वेल्डिंग कितीसं लागणार? तिने वेल्डिंग निम्मं केलं. वेल्डर म्हणाला, "ताई, आता वेल्डिंगही दुमडलंत का?" त्यावर सगळे हसले, तीही हसली.

असे साठ बाक जायचे होते. शुक्रवारी दुपारी तिने अहवालावर सही केली की पत्रा कापायला घेणार होते. साहेबांची प्रत्येक मुदत शुक्रवारचीच असे, म्हणून त्यांना माघारी शुक्रवारसाहेब म्हणत. तिची सही ही आता फक्त रीत उरली होती. अहवाल महिन्याभरापूर्वीच तयार होता आणि त्यावर तिच्याच अक्षरात 'सुरक्षित' असं लिहिलेलं होतं.

त्याआधीच्या रविवारी ती बाबांकडे गेली तेव्हा बाबांनी बातमी दिली, "तुझा बाक कुरकुरतो."

"लोखंड कुरकुरत नाही, बाबा. तुमचे गुडघे असतील."

"माझे गुडघे मी ओळखतो. ते 'कट' म्हणतात. हा 'कुर्र' म्हणतो."

दुमडताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती तरातरा बाहेर गेली, मोजून बाकाच्या मधोमध बसली आणि तिने दोनतीनदा उसळ्या मारून पाहिल्या. बाक गप्प. मग बाबा चहा घेऊन आले. ती त्यांना जागा करून देत उजवीकडे सरकली, ते डावीकडे टेकले. दोघांनी चहा संपवला. बाक तरीही गप्प.

"बघा," ती म्हणाली.

"तू आलीस की गप्प बसतो. पाहुण्यांपुढे पोरं बसतात तसा. तू गेलीस की सुरू."

"अहो, या बाकावर मी पाचशे किलो ठेवून बघितलेत."

"कुठे?"

"गणितात."

"हां," बाबा कप उचलत म्हणाले. "मग तुझ्या गणिताला सांग एकदा इथे येऊन बसायला. चहा देतो."

तिने ते हसण्यावारी नेलं. पण सोमवारी कामावर गेल्यावर पहिलं काम तिने तेच केलं. पाचशेचे सहाशे किलो केले, मग आठशे. बाकाच्या पूर्ण लांबीवर सारखे पसरले. डावा अर्धा बाक पडद्यावर निळाशार निवांत पडून होता. आठ पैलवान दाटीवाटीने बसले असते तरी त्याला घाम फुटला नसता. तुकडे आणखी बारीक करून पाहिले, आकडे जागचे हलले नाहीत. आकडे हलले नाहीत म्हणजे गणित पक्कं, हा त्या विद्येतला नियमच आहे. शुक्रवारसाहेब मागून डोकावले आणि म्हणाले, "दुमडताई, बाक बनवतोय आपण, पूल नाही." तिने संगणक बंद केला.

बुधवारी दुपारी बाबांचा फोन आला.

"ऐक. रविवारी तू गेल्यावर मी बसायची पाटी आणि पाय यांच्या मधल्या सांध्यात सुती कापड सरकवून बघितलं. एक पदर जात होता. आज तीन पदर जातायत."

दुमडताई खुर्चीत ताठ झाली. बाबांना मिलिमीटर कळत नव्हते, पण कापडाचे पदर त्यांच्याइतके कुणाला कळत नव्हते. "कुठल्या पायापाशी?"

"उजव्या."

तिने पडद्याकडे बघितलं. उजवा पाय तिच्या संगणकात नव्हताच. आठ वर्षांत तिने कुठल्याच वस्तूचा उजवा पाय काढला नव्हता.

"आणि डावा?"

"डावा घट्ट आहे. सुईसुद्धा जात नाही."

"असं कसं होईल? दोन्हीकडे सारखंच व्हायला हवं."

"ते मी बाकाला सांगितलं," बाबा म्हणाले. "त्याला पटलेलं दिसत नाही."

फोन ठेवल्यावर तिने स्वतःची समजूत घालायचा पुष्कळ प्रयत्न केला. वेल्डरचा हात हलला असेल. फरशी खचली असेल. शेजारची पोरं उजवीकडे उड्या मारत असतील. पण आतून तिची पाचावर धारण बसली होती. शुक्रवारी सही करायची आणि नंतर इस्पितळाच्या बागेत कुणी आपटलं तर? आणि सही नाही करायची, तर काय सांगून? महिन्याभरापूर्वी मीच 'सुरक्षित' लिहिलं होतं, आता एका शिंप्याने सांध्यात कापड घातलं म्हणून मागे घेते? कारखान्यात तिच्या शब्दाला किंमत होती. ती जाईल या विचाराने तिला बाक पडण्याइतकीच भीती वाटली, आणि आपल्याला तशी भीती वाटते याची लाजही वाटली.

गुरुवारी सकाळी तिने रजा टाकली. अर्ध्या दिवसाची. हजेरी लिहिणारा म्हणाला, "तुमच्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार."

ती न कळवता गेली, साडेदहाच्या सुमाराला. फाटकाबाहेरूनच तिला बाबा दिसले. ते बाकावर बसले होते, अगदी डाव्या टोकाला, बाकाच्या हाताला चिकटून. कप मांडीवर धरलेला, चष्म्याचं घर खिशात, वर्तमानपत्र खाली फरशीवर. बाकाचं उजवं टोक मोकळं होतं. तिथे त्यांनी वर्तमानपत्रसुद्धा ठेवलेलं नव्हतं.

बाबा कपातला शेवटचा घोट घ्यायला मागे रेलले आणि बाक कुरकुरला. तो आवाज तिने रस्त्यावर उभी राहून स्वच्छ ऐकला.

"बाबा," ती आत येत म्हणाली, "तुम्ही असे कडेला का बसता?"

त्यांनी आधी कपाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "कडेला कुठे? माझ्या जागेवर बसलोय."

"मधे बसा ना. एवढा बाक पडलाय."

"मधे कसा बसू?" हे ते चिडून नाही, जरा नवल वाटल्यासारखं म्हणाले. "चाळीस वर्षं तुझ्या आईच्या डावीकडे बसलोय. ती उजवीकडे. जुन्या बाकावरही तसंच होतं. आता मधे बसलो तर पाहुण्यासारखं वाटेल."

ती तिथेच फरशीवर उकिडवी बसली आणि उजव्या पायाचा सांधा बघू लागली, कारण वर बघितलं असतं तर रडली असती. बाबा बसल्यावर बाक डावीकडे झुकू पाहत होता. डावा पाय दाबला जात होता आणि उजवा वर ओढला जात होता. दाबलेल्या सांध्याला निम्मं वेल्डिंग पुरतं. ओढलेला सांधा त्याने उसवतो. रोज सकाळी बाबा चहा प्यायला बसत होते आणि रोज सकाळी उजवा पाय पाटीपासून थोडा थोडा सुटत होता. जिथे कुणी बसत नव्हतं तीच बाजू मोडत होती.

आणि तिचं गणित? तिने दुमडीच्या रेघेवर लिहून ठेवलं होतं की इकडे जे होईल तेच तिकडेही होईल. डावीकडे एक माणूस बसवला की संगणक उजवीकडे निमूटपणे दुसरा बसवत होता, तितक्याच वजनाचा. आठ माणसं काय, आठशे किलो काय, सगळे जोडीजोडीने. तिच्या आठ वर्षांच्या गणितात एकटं कुणी कधी बसलंच नव्हतं.

"हे तुम्हीच शिकवलंत मला," ती सांध्यावरून बोट फिरवत म्हणाली. "दुमडून कापायचं."

"कापड," बाबा म्हणाले. "कापड दुमडून कापायचं. मापं कधी दुमडून घेतली मी? दोन्ही खांदे वेगवेगळे मोजायचो. प्रत्येक माणसाचा एक खांदा उतरलेला असतो. तू टेबलाखाली खडू गोळा करत होतीस, वर बघायचं राहिलं असेल."

"तेव्हाच कान धरायचात."

"धरला असता, पण तू खडू खात होतीस. मला आधी तो काढायचा होता."

ती हसली, आणि हसताहसता रडलीही. बाबांनी ते न दिसल्यासारखं केलं आणि कप विसळायला आत गेले.

शुक्रवारी सकाळी तिने आठ वर्षांत पहिल्यांदा एक अख्खा बाक काढला. प्रोग्रामची मर्यादा पाळायची म्हणून तुकडे जाडेभरडे घ्यावे लागले. फक्त सांध्यांपाशी बारीक ठेवले. रेघेवरची ती अट काढून टाकली. डाव्या टोकाला बासष्ट किलो ठेवले. उजवीकडे काही नाही. बटण दाबलं आणि ती नखं कुरतडत बसली.

बाक उमटला. बहुतेक सगळा निळा, आणि उजव्या पायाच्या वर, पाटीला जिथे तो जोडलेला होता तिथे, लालभडक. तो सांधा जवळजवळ बाबांच्या वजनाइतक्याच ओढीने वर खेचला जात होता, आणि ती ओढ पेलायला खाली तिने स्वतः निम्मं केलेलं वेल्डिंग होतं.

सहीसाठी कागद घेऊन शुक्रवारसाहेब आले तेव्हा खोलीत वेल्डर होता, चित्रं काढणाऱ्या दोघी होत्या. सगळे जाईपर्यंत थांबावं असं तिला फार वाटलं. पण थांबलो तर आपण सही करून बसू, हेही तिला कळत होतं.

"साहेब, अहवाल चुकलाय," ती म्हणाली. "माझा. बाक मोडेल."

साहेबांनी चष्मा वर केला. "आठशे किलो घेतो म्हणालात."

"आठशे घेतो. बासष्ट घेत नाही."

खोलीत कुणी हसलं नाही, कारण हसावं की नाही हे कुणाला ठरवता येईना. तिने पडदा त्यांच्याकडे फिरवला आणि सगळं सांगितलं. दुमड, जोडी, ओढ, निम्मं वेल्डिंग. बाबांचे तीन पदरही सांगितले. साहेबांनी लाल ठिपक्यावर बोट ठेवलं.

"पण बाकाच्या टोकाला असं एकटं बसतं कोण?" ते म्हणाले. "लोक मधे बसतात."

"माझे बाबा बसतात. आई गेल्यापासून." "आणि आपले बाक इस्पितळात जाणार आहेत, साहेब. तिथे असे पुष्कळ असतील."

साहेबांनी हातातला कागद पाहिला, घडी घातली, मग काय वाटलं कोण जाणे, घडी पुन्हा उलगडली. "म्हणजे आठ वर्षं आपण फक्त जोडप्यांसाठी बाक बनवतोय," ते म्हणाले. "पत्रा पुढच्या शुक्रवारी. पाय टोकांकडे सरकवा, वेल्डिंग पुरं करा. आणि आधीच्या वस्तू?"

"सगळ्या उलगडून बघते."

"सगळ्या?"

"कचऱ्याचे डबेसुद्धा."

वेल्डर दाराकडे निघाला. तो जाताजाता म्हणाला, "ताई, आता हाक कशी मारायची तुम्हाला? उलगडताई जिभेला वळत नाही." तेव्हा मात्र सगळे हसले. तिने जुन्या अहवालावर 'सुरक्षित' या शब्दावर आडवी रेघ मारली, खाली 'रद्द' लिहिलं आणि सही केली. त्या दिवसाची सही अशी कामाला आली.

पंधरा दिवसांनी, शनिवारी, बाबांच्या घरासमोर नवा बाक लागला, टोकांशी पाय असलेला. ती रविवारी गेली तेव्हा बाबा बाकाशेजारी उभेच होते, हातात सुती कापडाची चिंधी घेऊन.

"बसला नाहीत अजून?"

"तुझ्यासमोर बसायचं ठरवलं होतं. नाहीतर म्हणशील गुडघेच वाजले. तू तिकडे उभी राहा. बसू नकोस, मग याला शहाणपण सुचतं."

ती कप घेऊन पायरीपाशी उभी राहिली. बाबा डाव्या टोकाला, बाकाच्या हाताला चिकटून बसले. मान तिरकी करून ऐकलं. मागे रेलले, पुढे झुकले, पुन्हा रेलले. मग तिला खूण केली, आणि तिने वाकून उजव्या पायाच्या सांध्यात चिंधी सरकवून बघितली. एक पदरही गेला नाही.

"कट झालं का काही?" तिने विचारलं.

"ते गुडघे."

ती तिथेच खाली बसून राहिली. "बाबा, आता आमच्याकडे प्रत्येक वस्तूवर तुम्हाला बसवून बघतात."

"मला? मला कुणी बोलावलं नाही ते."

"गणितात. वजन ठेवायच्या प्रत्येक पद्धतीला नाव द्यावं लागतं. 'गर्दी', 'वारा' अशी असतात. मी एकीला नाव दिलंय, 'बाबा'. बासष्ट किलो, डाव्या टोकाला. साहेब आता सही करण्याआधी विचारतात, बाबा बसले का? बसून झाल्याशिवाय पत्रा कापत नाहीत."

बाबांना हे फार आवडलं, पण आवडल्याचं दाखवायचं नव्हतं म्हणून त्यांनी चष्मा पुसायला काढला. "एकसष्ट," ते म्हणाले. "परवाच वजन केलंय. आणि उजवीकडे काय ठेवता?"

"काही नाही. रिकामं."

बाबांनी चष्मा लावला आणि उजव्या टोकाकडे जरा वेळ बघितलं.

"माप बरोबर घेतलंस," ते म्हणाले. मग बाकावरच्या त्या जागेवर हात फिरवून त्यांनी तिथली धूळ झटकली. "आता बस. चहा गार होतोय."